बाजार उठवणार की बसवणार?

गावाच्या मधोमध भरणारा भाजीबाजार दुसरीकडे नेऊन मोठा करायचे ठरले की दोन्हीकडचे रहिवासी काळजीत पडतात. जुन्या पेठेला बाजार जाण्याची धास्ती, तर नव्या वसाहतीला तो येण्याची. या धास्तीत खरे किती आणि तिच्यावर उपाय कोणता?

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आई नेहमीप्रमाणे दोन कापडी पिशव्या घेऊन बाजाराला निघाली आणि दहाच मिनिटांत रिकाम्या पिशव्या घेऊन परत आली. मला वाटले, गुडघे दुखत असतील. ती काही बोलली नाही. चहा झाल्यावर म्हणाली, "बाजार उठणार आहे म्हणे. भाजीवाल्या सगळ्या नगरपालिकेवर गेल्यात. चौकात कागद लावलाय, तेवढा वाचून ये आणि मला नीट सांग."

मी जाऊन वाचून आले. पेठेतला रोजचा भाजीबाजार आणि मंगळवारचा आठवडे बाजार बायपासजवळच्या मोकळ्या जागेत हलवण्याचा प्रस्ताव होता. तिथे आजच्या दुप्पट ओटे, वर पत्र्याची शेड, गाड्या लावायला ऐसपैस जागा. कुणाला काही सांगायचे असेल तर तीस दिवसांत हरकती आणि सूचना लेखी द्याव्यात, अशी शेवटी ओळ होती.

आईला सगळे समजावून सांगितले. तिने एकच प्रश्न विचारला, "बायपास म्हणजे दोन कोस तरी असेल. मी कशी जाऊ?"

गावाचे नाव मुद्दामच लिहीत नाही. तालुक्याचे गाव आहे आणि अशी गावे देशभर शेकड्यांनी आहेत. कुठे बाजारामुळे रस्ता अडतो, कुठे रस्त्यामुळे बाजार. मग एक दिवस कुणाला तरी वाटते की हा सगळा पसारा उचलून गावाबाहेर न्यावा. कागदावर हे फार सोपे दिसते. पण बाजार म्हणजे कपाट नव्हे, या भिंतीचे उचलून त्या भिंतीला लावायला.

पेठेतले दोन पक्ष

चार दिवस मी गावात फिरले, ओळखीच्या घरी जाऊन बसले. पेठेत सगळे बाजाराच्या बाजूने असतील असे वाटले होते, पण तसे नव्हते.

समोरच्या वाड्यातले काका बाजार हलवा म्हणणाऱ्यांत पहिले. त्यांचे कारण ऐकल्यावर मला गप्प बसावे लागले. दोन वर्षांपूर्वी मंगळवारी दुपारी काकूंच्या छातीत कळ आली. रुग्णवाहिका चौकापर्यंत आली आणि तिथेच थांबली. पुढे हातगाड्या, पाथाऱ्या, टेम्पो आणि माणसे. शेवटी दोघा हमालांनी काकूंना खुर्चीसकट उचलून चौकापर्यंत नेले. काकू वाचल्या. पण काका म्हणाले, "त्या दिवशी ती वाचली ते हमालांच्या पायांमुळे. दर वेळी असं होईल का?"

शेजारच्या वहिनींची तक्रार वेगळी. त्यांच्या दारासमोर पहाटे साडेतीनला टेम्पो लागतात. भाज्यांचा लिलाव तिथेच होतो. पाट्या आपटतात, हाका मारल्या जातात, मुलगी दहावीला असताना तिची झोप झाली नाही. संध्याकाळी कोबीचा पाला, सडके टोमॅटो तिथेच पडतात, मग मोकाट जनावरे येतात. बाजारात बसणाऱ्या बायकांसाठी मुतारी नाही, म्हणून त्या दिवसभर पाणीच पीत नाहीत, हेही वहिनींनीच सांगितले. रागाने बोलता बोलता त्यांचा आवाज तिथे मऊ झाला.

दुसरा पक्ष आईसारख्यांचा. आईचे वय चौऱ्याहत्तर. बाबा गेल्यापासून ती एकटी राहते. दर एक दिवसाआड ती बाजारात जाते ती फक्त भाजीसाठी नाही. पिंपळाखाली बसणाऱ्या मावशींकडे गेली तीस वर्षे तिचे खाते आहे. अळूची जुडी मावशी तिच्यासाठी बाजूला ठेवतात. तापामुळे आई दोन दिवस गेली नाही, तर तिसऱ्या दिवशी मावशींचा नातू दारात येऊन विचारून गेला, "आजी बऱ्या आहेत का?" ही सोय बायपासजवळच्या शेडमध्ये कोणत्या ओट्यावर मिळणार?

मावशींनाही विचारले. त्या म्हणाल्या, "बाई, माझा धंदा पायी येणाऱ्यांवर. गाडीवाला पाच किलो एकदम घेतो, त्याला माझ्यासारखी टोपलीवाली कशाला हवी? तिकडं रिक्षाला पैसे घालून एक जुडी मेथी घ्यायला कोण येणार?"

मुद्दा साधा आहे, पण योजना आखणाऱ्यांच्या हातून तोच निसटतो. छोट्या विक्रेत्याचे गिऱ्हाईक बाजाराच्या मागे जात नाही. विक्रेताच गिऱ्हाइकाच्या वाटेवर बसलेला असतो. बसस्थानक, शाळा, देऊळ, दवाखाना यांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर बाजार आपोआप जमतो. वाट तिथेच राहिली आणि बाजार तेवढा उचलला, तर काही महिन्यांत जुन्या जागी पुन्हा टोपल्या दिसू लागतात. मग नवे ओटे रिकामे, जुनी गल्ली भरलेली आणि वर रोजची धरपकड, अशी तिहेरी पंचाईत होते.

पुण्याने काय केले?

बाजार हलवण्याचा प्रश्न आजचा नाही. पुण्यात पूर्वी शनिवारवाड्यासमोरच्या पटांगणात भाजीबाजार भरत असे. १८८६ साली तो शुक्रवार पेठेतल्या नव्या इमारतीत आला. अष्टकोनी मनोऱ्याच्या त्या देखण्या इमारतीला मुंबई इलाख्याचे गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव दिले गेले. तिच्या खर्चाला नगरपालिकेत विरोध झाला होता आणि विरोध करणाऱ्यांत महात्मा जोतीराव फुले होते. एवढा पैसा इमारतीवर घालण्यापेक्षा गोरगरिबांच्या शिक्षणावर खर्च करा, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे आचार्य अत्रे पुण्याच्या नगरपालिकेत असताना त्याच मंडईला महात्मा फुले यांचे नाव मिळाले, ही इतिहासाची गंमत!

मंडई रुजली त्याचे एक कारण नकाशा पाहिला की लगेच ध्यानात येते. शनिवारवाड्यापासून मंडई पायी जाण्याच्या अंतरावर आहे. बाजार हलला, पण पेठांच्या आवाक्याबाहेर गेला नाही. भाजी घ्यायला निघालेल्या बाईला चार पावले जास्त पडली, एवढेच.

शहर वाढले, ट्रक वाढले, तेव्हा पुण्याने दुसरे पाऊल उचलले. १९७० च्या दशकात घाऊक व्यापार गुलटेकडीच्या मार्केट यार्डात गेला, मात्र मंडईतली किरकोळ विक्री जागेवरच राहिली. मुंबईतही याच धर्तीवर काम झाले. मशीद बंदर, भायखळा, क्रॉफर्ड मार्केट या भागांत चालणारा कांदा-बटाटा, मसाले, धान्य, फळे आणि भाजीपाला यांचा घाऊक व्यापार १९८० आणि १९९० च्या दशकांत टप्प्याटप्प्याने नवी मुंबईत वाशीला नेण्यात आला. व्यापारी नाराज होते, वादही पुष्कळ झाले. पण दादरच्या गृहिणीला कोथिंबिरीची जुडी घ्यायला वाशीला जावे लागले नाही, कारण किरकोळ बाजार तिच्या स्टेशनाबाहेरच राहिला.

घाऊक आणि किरकोळ हे दोन वेगळे बाजार आहेत, हे ओळखले की निम्मा गुंता सुटतो. घाऊक बाजाराला ट्रक लागतात, मोकळी जागा लागते, रात्रीची वर्दळ असते. तो वस्तीपासून दूर असलेला बरा. किरकोळ बाजाराला माणसांची पावले लागतात. तो वस्तीपासून दूर नेला की संपतो. आमच्या वहिनींची झोप मोडणारा पहाटेचा लिलाव आणि आईची सकाळची भाजी या एकाच गल्लीतल्या, पण अगदी निराळ्या गोष्टी आहेत. नगरपालिकेच्या प्रस्तावात मात्र दोन्हींना एकच नाव होते, बाजार.

गावाबाहेरचा बाजार गावात येतो

चेन्नईची गोष्ट याहून बोलकी आहे. तिथल्या जॉर्ज टाउन भागात कोथवाल चावडीचा बाजार भरत असे. बोळ अरुंद आणि गर्दी प्रचंड. अखेर १९९६ मध्ये भाजी, फळे आणि फुलांचा हा घाऊक व्यापार कोयंबेडूला हलवला गेला. तिथे तीन हजारांहून अधिक गाळ्यांचे भव्य संकुल बांधले होते. त्या काळी कोयंबेडू म्हणजे शहराची कड.

पण बाजार गेला की त्याच्या मागून रोजगार जातो, रोजगारामागून माणसे जातात आणि माणसांमागून घरे. २००२ मध्ये कोयंबेडूला मोठे बसस्थानक सुरू झाले. २०१५ मध्ये चेन्नई मेट्रोचा पहिला टप्पा तिथूनच धावू लागला. शहराबाहेर काढलेला बाजार वीस वर्षांच्या आत पुन्हा शहराच्या आत आला. मग २०२० मध्ये करोनाची साथ पसरली, बाजारातून लागण वाढली आणि मे महिन्यात तो बंद करावा लागला. भाजीचा व्यापार काही महिने तिरुमळिसैला, तर फळांचा माधवरमला न्यावा लागला. सप्टेंबरअखेर भाजीबाजार परत कोयंबेडूला सुरू झाला.

यातून दोन धडे मिळतात. एक, 'गावाबाहेर' ही जागा कायमची नसते. आज बायपासजवळ शेते असतील, उद्या तिथे इमारती उभ्या राहतील आणि परवा तिथलेच रहिवासी हरकती घेऊन उभे राहतील. दुसरा, सगळा शहराचा पुरवठा एकाच अवाढव्य ठिकाणी गोळा केला, की एका संकटात सगळे शहर अडते. मोठा बाजार नेहमीच चांगला बाजार असतो असे नाही. चार वस्त्यांना चार लहान बाजार हे कित्येकदा जास्त सोयीचे ठरते.

नव्या शेजाऱ्यांची बाजू

माझी एक शाळेतली मैत्रीण बायपासजवळच्या नव्या वसाहतीत राहते. दोघा नवरा-बायकोंनी बँकेचे कर्ज काढून तिथे घर घेतले, ते शांतता आहे म्हणून. तिला बाजाराची बातमी कळली तीही चौकातल्या कागदावरूनच. ती म्हणाली, "पेठेतला त्रास आमच्या दारात आणून ठेवायचा, याला सुधारणा म्हणायचं?"

तिचे भय उगाच नाही. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनी निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे, आणि रात्र म्हणजे दहा ते सकाळी सहा. पहाटे तीनला ट्रकचे फाळके आपटू लागले तर ही मर्यादा कागदावरच राहील. बाजाराचे सांडपाणी कुठे जाणार? ओला कचरा रोज उचलला जाणार की आठवड्याने? शेडला दिवे लागतील, पण बाजार उठल्यावर त्या रिकाम्या शेडखाली रात्री कोण बसेल? शाळेच्या बसचा रस्ता आणि ट्रकचा रस्ता एकच असेल का?

या प्रश्नांना उत्तर असते, पण ते बांधकामाआधी शोधावे लागते. कचऱ्याचेच घ्या. भाजीबाजाराचा कचरा बहुतेक सगळा ओला, कुजणारा असतो. तो प्लॅस्टिकमध्ये मिसळला नाही तर त्याचे खत होते किंवा बायोगॅस मिळतो. घनकचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनी प्रत्येक पथविक्रेत्याने आपल्या कचऱ्यासाठी डबा ठेवावा असे सांगितले होते. पण विक्रेत्याने डबा भरला आणि तो रिकामा करायला गाडीच आली नाही, तर दोष कुणाचा? बाजाराच्या आवारातच खताची टाकी आणि दुपारी एक, रात्री एक अशा गाडीच्या दोन फेऱ्या असतील, तर शेजाऱ्यांची निम्मी तक्रार कमी होते. मुतारी, पिण्याचे पाणी, गटार आणि रात्रीचा पहारेकरी यांची सोय आधी आणि ओटे नंतर, हा क्रम पाळला पाहिजे. आपल्याकडे नेमका उलटा क्रम असतो. उद्घाटन ओट्यांचे होते आणि गटार 'पुढच्या टप्प्यात' जाते.

वाढीव ओटे कुणाला?

बाजार मोठा करायचा म्हटले की ऐकायला बरे वाटते. पण दुप्पट ओटे झाले की दुप्पट मावशी येतील असे नाही. पुष्कळदा नवे गाळे लिलावाने दिले जातात. लिलावात टोपलीवालीचा हात किती उंच जाणार? ज्याच्याकडे पैसा आहे तो दोन-तीन गाळे घेतो, मग तेच वाढीव भाड्याने देतो आणि ते भाडे शेवटी भाजीच्या भावात आपल्या पिशवीत येते. म्हणून कोणताही विस्तार आला की पहिला प्रश्न हा विचारावा: आज जे बसतात त्यांची यादी झाली आहे का, आणि त्यांना आधी जागा मिळणार का?

अहमदाबादच्या गुजरी बाजाराचा अनुभव इथे उपयोगी पडतो. रविवारी भरतो म्हणून लोक त्याला 'रविवारी' म्हणतात. बाजाराची परंपरा शहर वसवणाऱ्या सुलतान अहमदशहाच्या काळापर्यंत सांगितली जाते. १९५४ पासून तो साबरमतीच्या पात्रालगत, एलिसब्रिजजवळ भरू लागला. जुने फर्निचर, अवजारे, भांडी, कपडे, पुस्तके असे काय हवे ते तिथे मिळे. साबरमतीच्या काठाचे सुशोभीकरण सुरू झाले तेव्हा या बाजारावर गदा आली. विक्रेत्यांची संघटना उच्च न्यायालयात गेली. शहरातले अभ्यासक आणि विद्यार्थी त्यांच्या मदतीला आले. त्यांनी बाजारात नेमके कोण कुठे बसते याची पाहणी केली आणि पर्यायी आराखडा मांडला. शेवटी २०१४ मध्ये नदीकाठीच, जुन्या जागेच्या जवळपास, बाजाराला नवी बांधीव जागा मिळाली. सगळ्यांचेच समाधान झाले असे नाही. छोट्या आणि यादीत नाव नसलेल्या विक्रेत्यांचा प्रश्न अशा वेळी नेहमीच मागे राहतो. तरीही बाजार शहराबाहेर फेकला गेला नाही, कारण विक्रेत्यांकडे आपली संघटना होती, कागद होते आणि पर्याय होता.

दिल्लीच्या दर्यागंजमध्ये दर रविवारी पदपथावर भरणारा जुन्या पुस्तकांचा बाजार वाचकांना ठाऊक असेल. पिढ्यान् पिढ्या विद्यार्थी तिथे स्वस्तात पुस्तके घेत आले. २०१९ च्या जुलै महिन्यात वाहतुकीच्या कारणावरून उच्च न्यायालयाच्या आदेशाने तो बंद झाला. विक्रेत्यांनी धीर सोडला नाही, आंदोलने केली, अधिकाऱ्यांच्या भेटी घेतल्या. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अडीचशेहून अधिक विक्रेते आसफ अली रस्त्यावरील महिला हाटच्या आवारात बसू लागले. जागा जवळची, बंदिस्त आणि वाहनांपासून सुरक्षित. पदपथावरून जाता जाता थबकणारा वाटसरू तिथे मिळत नाही हे खरे, पण मुले-बाळे घेऊन निवांत पुस्तके चाळणारे कुटुंब मिळते. काही गमावले, काही मिळाले. मधले दोन महिने मात्र कित्येक घरांची चूल कशी पेटली असेल, याचा हिशेब कुठल्याच नोंदीत नाही.

कायदा कुणाच्या बाजूने?

पुष्कळांचा समज असतो की रस्त्यावर बसणारा विक्रेता म्हणजे अतिक्रमण करणारा आणि त्याला केव्हाही उठवता येते. हा समज चुकीचा आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली सोदन सिंग खटल्यात सांगितले की योग्य नियमनाखाली पदपथावर विक्री करणे हा घटनेने दिलेल्या व्यवसायाच्या हक्काचा भाग आहे. मात्र अमुकच जागी बसण्याचा हक्क कुणालाही नाही, हेही न्यायालयाने त्याच वेळी स्पष्ट केले.

पुढे संसदेने पथविक्रेत्यांसाठी स्वतंत्र कायदा केला. तो १ मे २०१४ पासून अमलात आला. त्यातल्या काही तरतुदी विक्रेत्यांनीच काय, रहिवाशांनीही माहीत करून घ्याव्यात अशा आहेत.

गावोगावी 'नगर पथविक्रेता समिती' असली पाहिजे. तिच्यात किमान ४० टक्के सभासद विक्रेत्यांनी निवडून दिलेले आणि त्यांतल्या एक तृतीयांश स्त्रिया. पालिका, पोलीस आणि वाहतूक शाखेबरोबरच रहिवासी संघांनाही समितीत स्थान आहे.

दर पाच वर्षांतून किमान एकदा विक्रेत्यांची पाहणी झाली पाहिजे. ती पुरी होऊन प्रमाणपत्रे मिळेपर्यंत कुणालाही उठवता येत नाही.

जागा बदलायची तर तीस दिवसांची नोटीस हवी. शक्यतो स्थलांतर टाळावे, आणि करावेच लागले तर विक्रेत्यांना योजनेत सहभागी करून घ्यावे. नव्या जागी त्यांची कमाई पूर्वीइतकी तरी राहिली पाहिजे.

आणि सर्वांत महत्त्वाचे, ज्या पारंपरिक बाजारात विक्रेते पन्नास वर्षांहून अधिक काळ व्यवसाय करत आले आहेत, तो 'वारसा बाजार' म्हणून जाहीर करावा आणि तिथल्या विक्रेत्यांना हलवू नये, असे कायद्याच्या परिशिष्टात म्हटले आहे.

आईला हे शेवटचे वाचून दाखवले तेव्हा ती हसली. म्हणाली, "मी लग्न होऊन आले तेव्हापासून बाजार तिथंच आहे. मला पन्नास वर्षं झाली या गावात. साक्षीला मीच चालेन की!"

हे ती थट्टेने बोलली, पण तेच खरे होते. बाजार किती जुना आहे हे सिद्ध करायला जुने फोटो, बाजारवसुलीच्या पावत्या आणि गावातल्या वयस्कर माणसांचे जबाब कामाला येतात. आमच्या मावशींनी पत्र्याच्या डब्यातून सासूच्या काळच्या पावत्या काढून दाखवल्या. कागद पिवळा पडला होता, पण शिक्का वाचता येत होता.

हरकत घ्यायची कशी?

आपल्या गावात असा प्रस्ताव आला तर नुसते चिडून किंवा कुजबुजून काही होत नाही. हरकत लेखी असावी, मुदतीत द्यावी आणि पोच घ्यावी. 'बाजार हलवू नका' एवढेच लिहिण्यापेक्षा प्रश्न विचारावेत. विक्रेत्यांची पाहणी केव्हा झाली? समितीची बैठक झाली का आणि तिच्यात काय ठरले? नवी जागा विकास आराखड्यात कशासाठी राखीव आहे? बस किती वाजता सुटते आणि शेवटची केव्हा? कचरा, सांडपाणी, मुतारी यांची तरतूद अंदाजपत्रकात आहे का? उत्तर मिळाले नाही तर माहिती अधिकाराखाली दहा रुपये भरून अर्ज करता येतो. साधारणपणे तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते.

आणखी एक. पेठेतल्यांनी आणि नव्या वसाहतीतल्यांनी एकमेकांविरुद्ध सह्या गोळा करण्यापेक्षा एकदा एकत्र बसावे. आमच्याकडे हे जरा योगायोगानेच घडले. मी मैत्रिणीला आईकडे फराळाला बोलावले होते. समोरचे काका आले, वहिनी आल्या. बोलता बोलता लक्षात आले की कुणाचाच विरोध बाजाराला नाही. काकांना रुग्णवाहिकेसाठी रस्ता हवा होता, वहिनींना झोप, मैत्रिणीला शांतता, आईला पायी जाता येईल अशी भाजी.

मग वहीच्या कागदावर एक सूचना तयार झाली. पहाटेचा लिलाव आणि घाऊक गाड्या बायपासला जाव्यात, पण वसाहतीपासून लांबच्या टोकाला आणि कुंपण घालून. पेठेतला रोजचा किरकोळ बाजार जागेवरच राहावा. गल्लीच्या एका बाजूला पांढरा पट्टा आखावा, त्याच्या आत पाथारी, बाहेर रुग्णवाहिका जाईल एवढा रस्ता कायम मोकळा. पट्टा ओलांडला तर विक्रेत्यांच्या संघटनेनेच टोकावे. मंगळवारचा आठवडे बाजार शाळेमागच्या मैदानात भरवावा, पेठेपासून पाच मिनिटांवर. आणि आधी मुतारी, मग बाकी सगळे.

सूचनेवर काकांची सही पहिली होती. मावशींनी अंगठा नाही, सही केली. साक्षरता वर्गात शिकलेली, मोठ्या अक्षरांची.

सुनावणीच्या दिवशी

सुनावणीला मी रजा काढून मुद्दाम गेले. सभागृहात गर्दी होती. अधिकाऱ्यांनी नकाशा दाखवला, शेडचे चित्र दाखवले. चित्रात रंगीत छत्र्या होत्या, झाडे होती, गाड्या होत्या. माणसे मात्र मोजकीच होती.

आई बोलणार नव्हती. पण नाव पुकारले तेव्हा काठी टेकत उठली. म्हणाली, "साहेब, बाजार मोठा करा, चांगला करा. मला काही म्हणायचं नाही. फक्त एक करा. चित्रात मी कुठनं येते तेवढं दाखवा. माझ्या घरापासनं त्या शेडपर्यंत मी चालत कशी पोचते, ती रेघ काढा."

कुणी हसले नाही. अधिकाऱ्यांनी नकाशाकडे पाहिले आणि काहीतरी लिहून घेतले.

निर्णय अजून झालेला नाही. सूचनेचा विचार करू, असे उत्तर मिळाले आहे. सरकारी उत्तराचा अर्थ काय, हे आपल्याला ठाऊक आहे. म्हणून मैत्रीण आणि काका दर पंधरा दिवसांनी कार्यालयात चक्कर मारतात. चौकात मात्र एक बदल झाला आहे. विक्रेत्यांनी स्वतःच चुन्याचा पट्टा ओढला आहे. पावसात तो पुसला जाईल, मग पुन्हा ओढावा लागेल.

परवा फोनवर आईने सांगितले की मावशींनी अळूची जुडी ठेवली होती. मी विचारले, "पट्ट्याच्या आत बसतात का गं?"

आई म्हणाली, "आत बसतात. टोपली थोडी बाहेर येते. काकांनी दोनदा टोकलं. तिसऱ्यांदा स्वतःच उचलून आत ठेवली."